त्याला रकाना नाही

...नाही, म्हणजे तुम्हीच सांगा, आपली मुलगी उद्या शहाण्यासारखी वागली तर काय करायचं, या काळजीनं कुठल्या आईची झोप उडाली असेल? बाकीच्या आया 'उद्या पाहुण्यांसमोर लाज आणू नकोस गं बाई' म्हणत कूस बदलत असतील. मी कूस बदलत होते ती, देवा, उद्या हिला बटण लावता येऊ देऊ नकोस, म्हणून. बटण! फ्रॉकचं! जे बटण लागावं म्हणून मी दीड वर्ष रोज सकाळी तिच्यासमोर मांडी घालून बसलेय, 'भोकात घाल, आता ओढ, ओढ, ओढ' करत, ते बटण तिनं उद्या, नेमकं उद्या अकरा वाजता, तपासणीच्या बाईंसमोर लावलं तर?... आणि हे मनात आलं तशी मी ताडकन उठून बसले. म्हटलं, बाई गं, तू आई आहेस की कोण आहेस?

तर तुम्हाला सांगते, या प्रश्नाला अर्जात रकाना नाही. मी बघितलंय. पंचेचाळीस पानं आहेत. नाही.

थांबा, नीट सांगते, नाहीतर तुम्ही मला वेडी समजाल. समजा, हरकत नाही, पण आधी ऐकून तरी घ्या.

माझी मुलगी सात वर्षांची. दुसरीत आहे. तिच्या स्नायूंचा एक आजार आहे, त्याला लांबलचक नाव आहे, ते मी सांगत नाही, कारण ते सांगितलं की लोक 'अरेरे' म्हणतात आणि मग मलाच त्यांची समजूत घालत बसावं लागतं. थोडक्यात काय, हातापायांत जोर नाही. वॉकर धरून चार पावलं टाकते. दात, कपडे, अंघोळ, संडास, अर्ध्याअधिक घासांना सुद्धा, दुसरं माणूस लागतं. जिभेला मात्र कोणी लागत नाही! हातापायांचा सगळा जोर तिथे जाऊन बसलाय. घरात तिचं नाव हेडबाई. तिचे बाबा कारखान्यातली पाळी संपवून दमून येतात, दारात बूट काढत असतात, तोवर आतून आवाज येतो, 'उशीर का झाला?' आणि ते खरंच कारण देतात हो! खाली मान घालून!

आणि ते जे दुसरं माणूस लागतं ना, ते मी.

आधी मी छापखान्यात होते. मुद्रितं तपासायचे. म्हणजे लोकांनी लिहिलेलं वाचायचं आणि चुका समासात काढायच्या. आवडीचं काम. पण दर दोन तासांनी 'मी घरी जाऊन आलेच हं' म्हणणारी बाई कोण ठेवून घेईल? मालक भले होते. सहा महिने माझी खुर्ची राखून ठेवली, मग खुर्चीवर कागदांचे गठ्ठे ठेवले, मग माणूस ठेवला. त्यांना मी काय बोलू?

तर हा भत्ता, सरकार अशा मुलांच्या घरांना देतं तो. साधं आहे. भत्ता मिळाला, तर मी घरी राहते. नाही मिळाला, तर मला सकाळी आठला कुठेतरी कामावर हजर व्हावं लागतं आणि हेडबाई दिवसभर आजीच्या हवाली. आजी म्हणजे माझ्या सासूबाई. जीव टाकतात नातीवर. पण त्यांच्या गुडघ्यांना त्या स्वतःच उचलल्या जात नाहीत, तर ही कुठून उचलणार? दोनदा प्रयत्न झालाय. दुसऱ्या वेळी मी घरी आले तर दोघी न्हाणीघरात जमिनीवर बसलेल्या, आणि नात आजीला सांगत होती, 'घाबरू नकोस हं आजी, आई येईल.' किती वेळ बसल्या होत्या ते आजतागायत दोघींपैकी एकीनंही मला सांगितलेलं नाही.

म्हणून अर्ज. एक नाही, दोन. एक तिचा, अपंगत्वाचा, एकतीस पानांचा. एक माझा, तिची काळजी घेणाऱ्या माणसाचा, चौदा पानांचा. म्हणजे हिशेबानं माझा त्रास तिच्या निम्म्याहून कमी. असू दे.

भत्त्याच्या कार्यालयात खिडकीत एक साहेब बसतात. चष्मा कपाळावर आणि दिवसभर चष्मा शोधतात. वाईट नाहीत हो! मला वाटतं त्यांनाही घरी कोणीतरी असेल. पण त्या खिडकीच्या जाळीतून माणसाचा आवाज जरा वेगळाच होऊन बाहेर येतो.

'काम करता?'

'नाही.'

'का?'

'वेळ नसतो.'

'वेळ का नसतो?'

'काम असतं.'

'म्हणजे करता काम!'

'घरी हो. मुलीचं.'

'ते काम नाही.'

'मग उद्या सकाळी तुम्ही या करायला'... असं मी म्हणायला हवं होतं. ते मला तीन दिवसांनी भांडी घासताना सुचलं. तिथे मी म्हटलं, 'बरं.' मी सगळ्यांना 'बरं'च म्हणते. शिकलेली आहे ना.

मग तिची पानं काढली. 'चमचा धरते?' मी म्हटलं, साहेब, सोमवारी धरते. मंगळवारी पडतो. बुधवारी धरते, पण मग गुरुवारी पेन्सिल धरवत नाही, म्हणजे तिला रोज ठरवावं लागतं की आज जेवायचं की लिहायचं. साहेबांनी टेबलावर चष्मा चाचपला. मग म्हणाले, 'बाई, हो किंवा नाही. कधीकधी... त्याला रकाना नाही.'

'मग खाली लिहू का थोडंसं?'

'खाली कार्यालयाची जागा आहे.'

आणि वर म्हणाले, 'एक वही जोडा. सात दिवसांची. कशाकशाला मदत केली, किती मिनिटं लागली. आठव्या दिवशी घरी तपासणी.'

आता इथे खरी गंमत आहे. गंमत म्हणजे, तुम्ही हसू नका. घरात आधीच एक वही होती. निळी. थेरपीच्या ताईंनी लावलेली. त्या ताई बोलतात अगदी गोड, पण ऐकायला लावतात. 'आई, लक्षात ठेवा हं, काय जमत नाही ते तिच्यासमोर उच्चारायचंसुद्धा नाही. काय जमलं ते लिहायचं. रोज!' म्हणून निळ्या वहीत लिहिलेलं असतं, 'आज अकरा पावलं!! शाब्बास!!!' तीन उद्गारचिन्हं. छापखान्यात मी एकाच्या वर कधी जाऊ दिली नाहीत. आणि आता ही दुसरी, पिवळी वही, तिच्यात त्याच दिवशी, त्याच अकरा पावलांचं, 'चालणे : आधार द्यावा लागला. सात मिनिटे. त्यानंतर उचलून नेले.' एका वहीत टाळ्या आणि दुसऱ्या वहीत रडगाणं, आणि अक्षर दोन्हीकडे माझंच! मलाच कळेना यातली खोटी कुठली. एकही खोटी नाही. विचारायचं कोणाला? त्याला रकाना नाही.

बरं, पिवळी वही लपवून लिहावी तर घर केवढं! दोन खोल्या. मी घड्याळ बघायचे, तिला उचलायचे, बसवायचे, पुसायचे, परत आणायचे, घड्याळ बघायचे, लिहायचे. 'शू : एकोणीस मिनिटे.' पहिल्या दिवशी पान भरलं. दुसऱ्या दिवशी पानाच्या मागे गेलं. आणि तुम्हाला खरं सांगू? मला बरं वाटलं. इतकी वर्षं लोक म्हणायचे, 'दिवसभर घरीच असतेस ना?' आणि आता हे बघा, कागदावर! मीच दोनदा वाचून काढलं. शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, त्या सुधारल्या. सवय.

तिसऱ्या दिवशी पान भरलं नाही.

चौथ्या दिवशी अर्धंच. शू, दिवसातून पाच वेळा असायची, ती दोनदा. मधल्या सुट्टीत मी शाळेत जाते तिला नेऊन आणायला, तर म्हणाली, 'नाही लागली. तू जा.' घरी आल्यावर म्हटलं, पाणी? 'नको.' फळ? 'नको, भूक नाही.' मोजे काढून देऊ? 'राहू दे, मला थंडी वाजते.' थंडी कसली, घाम फुटला होता.

सासूबाई म्हणाल्या, 'बघ, सुधारतेय पोर. तूच मेली उगाच सारखी घिरट्या घालतेस तिच्याभोवती.'

नवरा म्हणाला, 'चांगलंच आहे की मग.'

आणि मी... आता हे मी तुम्हाला सांगतेय, बाहेर बोलू नका. घरातलं चार लोकांत बोलायचं नाही असं आमच्या सासूबाई म्हणतात. मला आनंद झाला नाही. माझी मुलगी सुधारतेय असं वाटूनही झाला नाही. म्हटलं, आताच? आताच सुधारायचं होतं हिला? पुढच्या महिन्यात सुधारली असती तर काय बिघडलं असतं? पाचव्या दिवशी मी पेन्सिल घेऊन बसले आणि शूच्या दोनाचे चार केले. मग खोडले. मग परत केले. मग परत खोडले, कागद फाटायला आला. आणि त्या पानावर हात ठेवून मी विचार करत बसले की सात वर्षं जिच्यासाठी नवस-सायास... म्हणजे, अगदी नवस नाही, पण जे काही माणूस मनातल्या मनात करतं ते सगळं जिच्यासाठी केलं, ती जरा बरी झाली तर मला ते परवडत नाही! याला काय म्हणायचं? कुठल्या पानावर लिहायचं? 'अर्जदाराला मुलगी बरी झाल्यास भीती वाटते का? हो की नाही?'

निदान त्याला तरी रकाना नव्हता. त्यांचे उपकार.

म्हणून सातव्या रात्री झोप नाही. सुरुवातीला सांगितलं ते हे.

सकाळी तिचे केस विंचरताना म्हटलं, 'आज एक बाई येणार आहेत हं. प्रश्न विचारतील.' हात थांबला माझा. आता पुढे काय सांगू? आज जरा कमी हुशार हो? ताई शिकवतात ते आज विसर?

'त्यांना काय सांगू?' हेडबाईंनी विचारलं.

'खरं असेल ते.'

'सगळं?'

'सगळं.'

'नक्की ना? मग रागवायचं नाही.'

मी म्हटलं नाही रागावणार. मला वाटलं, काय सांगून सांगून सांगेल! आईची झोप उडालेली असली की डोकंही चालत नाही बघा.

अकरा म्हणजे अकराला बाई आल्या. मी डोळ्यांसमोर कोणीतरी जल्लाद आणला होता. निघाल्या माझ्याच वयाच्या, दमलेल्या, सँडलच्या पट्ट्याला सेफ्टी पिन. आणि घर कसं? लखलखीत! सासूबाईंनी पहाटेपासून फरशी पुसलेली, वॉकर धुऊन पडद्यामागे ठेवलेला, 'परक्या बाईसमोर ते कशाला उघड्यावर?' म्हणून. औषधांच्या बाटल्या कपाटात. नातीला नवा फ्रॉक. अपंगत्वाची तपासणी, आणि घर असं दिसतंय की मुलगी बघायला आलेत!

बाईंनी बसल्या बसल्या विचारलं, 'स्वतःचं किती करते ही?' आणि मी तोंड उघडायच्या आत सासूबाई, 'सगळं! सगळं करते हो! एवढीशी आहे, पण कशाला हात लावू देत नाही कोणाला!'

मी टेबलाखालून पाय मारला. तो बाईंना लागला.

'सॉरी,' मी म्हटलं.

'बटण लावून दाखवशील?' बाई हेडबाईला म्हणाल्या.

तिनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. तिनं फ्रॉकच्या वरच्या बटणाला हात घातला. बोटं घसरली. परत घातला. परत घसरली. जीभ बाहेर, कपाळावर आठ्या, खांदा वर चढलेला... घड्याळ टिकटिकतंय, मी मनात म्हणतेय, नको, नको, आणि त्याच मनात, त्याच वेळी, भोकात घाल, आता ओढ, ओढ, ओढ... आणि लागलं! लागलं हो बटण! आणि मी टाळ्या वाजवल्या! मोठ्यानं! उठून! हात काय माझ्या अर्जाला विचारायला थांबले नाहीत!

बाईंनी 'हो'वर खूण केली.

मी म्हटलं, 'पण बाई, त्याला चार मिनिटं लागली. आणि आता संध्याकाळपर्यंत तिचे हात थरथरत राहतील, घास मीच भरवणार...'

'कळतंय मला,' बाई म्हणाल्या. आणि खरंच कळत असावं, कारण त्यांनी मान वर केली नाही. 'पण त्याला रकाना नाही हो.'

संपलं, म्हटलं. सकाळी आठ. न्हाणीघराची फरशी. दोघी.

तेवढ्यात सासूबाईंनी पाणी आणलं. एक पेला बाईंना, एक नातीला. ती म्हणाली, 'मला नको.'

बाई पान उलटत होत्या, उलटता उलटता त्यांनी विचारलं, 'दिवसातून किती वेळा पितेस पाणी?'

'एकदा. गोळीबरोबर.'

पान अर्ध्यात थांबलं. 'तहान लागत नाही?'

'लागते की. पण प्यायलं की शू लागते. शू लागली की आईला मला उचलावं लागतं. उचललं की आई लिहिते.'

'काय लिहिते?'

'मला काय येत नाही ते. पिवळ्या वहीत. मी वाचलंय, मला वाचता येतं.' मग माझ्याकडे बघून, 'तू म्हणालीस सगळं सांग. रागवायचं नाही ठरलंय.' आणि परत बाईंना समजावून सांगितलं, जसं वर्गात एखाद्या नव्या मुलीला सांगावं तसं, 'आमच्या शाळेत पण बाईंची वही आहे. ज्याचं नाव सगळ्यात जास्त वेळा येतं त्याला वर्गाबाहेर उभं करतात. आणि मला तर उभंच राहता येत नाही.'

सासूबाई पदरानं पुसलेलंच टेबल परत पुसायला लागल्या.

म्हणजे ती सुधारत नव्हती. ती तहानलेली होती. पाच दिवस. आणि मी, लोकांच्या अर्धविरामांच्या चुका पकडणारी बाई, पाच दिवस ते पान वाचत होते आणि मला त्यात फक्त आकडा कमी दिसत होता.

तपासणीच्या बाईंनी पेन उचललं. एक पान बघितलं, दुसरं बघितलं, मागचं बघितलं. हळूच म्हणाल्या, 'याला रकाना नाही.' आणि मग त्यांनी काय केलं माहितेय? कागद आडवा फिरवला आणि समासात लिहायला लागल्या. बारीक अक्षरात, वरपासून खालपर्यंत. आता समासात कोण लिहितं ते मला ठाऊक आहे. माझा पोटापाण्याचा धंदा होता तो. ज्याला चूक दिसते, तो लिहितो.

जाताना दारात सँडल घालत म्हणाल्या, 'ही वही मी घेत नाही. नवी करा. सात दिवस. आधी पोटभर पाणी द्या तिला. आणि तो वॉकर पडद्यामागून काढा, त्याचे पाय दिसतायत.'

भत्त्याचं काय झालं? मिळाला. दीड महिन्यानं पत्र आलं. मंजूर, एका वर्षापुरता. पुढच्या वर्षी परत पंचेचाळीस पानं, परत वही, परत तपासणी, कारण म्हणे 'प्रकृतीत बदल संभवतो'. संभवू दे. मी परत टाळ्या वाजवीन, दुसरं काही येतच नाही मला.

पण पत्राचं जाऊ दे. बाई गेल्या त्या दुपारचं सांगते. मी पिवळी वही घेतली आणि तिच्यासमोर मांडी घालून बसले, बटणाला बसते तशी. म्हटलं, 'ही तुझी वही नाही गं. यात तुझं नाव कुठेच नाही, बघ. तुला काय येत नाही ते यात नाहीच. मी काय काय करते, ते आहे. बाबांची कारखान्यात हजेरी लागते ना? रोज, किती वाजता आले, किती वाजता गेले? तशी ही माझी हजेरी. तू पाणी प्यायलीस, मी तुला नेलं, की माझी हजेरी लागली. नाही प्यायलीस, तर मी बिनकामाची.'

हे मला त्या क्षणी सुचलं. मी कोणाला पटवायला म्हणून बोलले, कोण जाणे, पण बोलता बोलता माझं मलाच ते खरं वाटायला लागलं.

तिनं वहीत स्वतःचं नाव शोधून बघितलं. मग पेला दाखवला. मी धरला, ती प्यायली. आणखी एक. तिसरा अर्धा. तोंड माझ्या बाहीला पुसलं. मला वाटलं, आता ही गळ्यात पडणार. 'आई, तू माझ्यासाठी किती करतेस' असं काहीतरी म्हणणार. मी मुद्रितं तपासायचे त्या गोष्टींतल्या मुली तसंच करायच्या, पान उलटायच्या आत. मी डोळे पुसून तयारच बसले होते. पण तसं काही झालं नाही. मी उठले, आत गेले, भांड्यांना हात घातला. अर्धा तास गेला असेल. आणि मग बाहेरच्या खोलीतून, कारखान्यातून दमून आलेला माणूससुद्धा जागच्या जागी उभा राहील अशा आवाजात, ती पुढचं वाक्य बोलली ते हे,

'आई, शू! वही घेऊन ये, आणि घड्याळ बघ. उशीर केलास तर गैरहजेरी लावीन.'